जखमी तंबूत, सावली उपग्रहावर

कासारवाडी-भोसरीच्या पट्ट्यात ‘आरटी’ (रेडिओग्राफिक टेस्टिंग) म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बॉयलरचा, प्रेशर व्हेसलचा, जाड पाइपचा वेल्ड वरून कितीही सुबक दिसो, इन्स्पेक्टर नुसत्या दिसण्यावर विश्वास ठेवत नाही. शिफ्ट सुटते, शेडभोवती दोरी बांधली जाते, धोक्याची पाटी लागते. मग जॉबच्या एका बाजूला फिल्म आणि दुसऱ्या बाजूला एक्स-रे ट्यूब किंवा इरिडियम-१९२ चा स्रोत ठेवून ‘शॉट’ घेतात. फिल्म धुऊन उजेडाच्या पेटीवर लावली की आतली पोकळी, अडकलेला स्लॅग, केसासारखी भेग, सगळं उघडं पडतं. जॉब पास, नाहीतर रिपेअर.

इथून पुण्याकडे निघालं की मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेनं लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची, म्हणजे सीएमईची हद्द लागते. लोकलनं गेलं तर दापोडीनंतर खडकी. तिथं मिलिटरी हॉस्पिटल आहे आणि मणक्याला इजा होऊन कमरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून चालणारं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरही. भोसरीतला माणूस लोखंडाला जे विचारतो, तेच तिथला डॉक्टर माणसाच्या शरीराला विचारतो : न फोडता, न कापता आत काय आहे ते कळेल का? कुठं फट आहे, आणि कुठं नको असलेला धातू?

मोठा फरक वेळेचा. फिल्म धुरकट आली तर जॉब उद्यापर्यंत थांबतो. पोटात छर्रा घुसलेला माणूस थांबत नाही. शिवाय भोसरीत फिल्म वाचणारा शेजारच्या केबिनमध्येच बसलेला असतो. युद्धात गोळी जिथं लागते, तिथं रेडिऑलॉजिस्ट सहसा नसतो. सर्जन असतो, भूल देणारा असतो, ड्रेसिंग करणारे हात असतात. सावल्या वाचण्यात आयुष्य घालवलेला तज्ज्ञ मात्र शेकडो किलोमीटर मागं, मोठ्या इस्पितळात असतो. जखमीला त्याच्याकडे न्यायला वेळ नाही आणि त्याला जखमीकडे आणणं परवडत नाही. मग उरते ती सावली. तिला वजन नसतं, तिला रक्तस्राव होत नाही, आणि ती प्रकाशाच्या वेगानं जाऊ शकते.

हे आजचं वाटतं, पण या गोष्टीचा पहिला अर्धा भाग सव्वाशे वर्षांहून जुना आहे. रॉन्टगेननं एक्स-किरण पहिल्यांदा पाहिले ते ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. दोन वर्षांनी, ज्या साली पुण्यात प्लेगनं थैमान घातलं आणि रँडवर गोळी झाडली गेली त्याच १८९७ साली, हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर तिराहच्या डोंगरात ब्रिटिशांची मोहीम चालू होती. सर्जन-मेजर बीव्हर नावाच्या डॉक्टरानं तिथं एक्स-रेचं यंत्र नेलं. काचेच्या नळ्या, तारांची गुंडाळी, बॅटऱ्या, काचेच्या फोटोप्लेट आणि त्या धुण्याची रसायनं, असा सगळा नाजूक सरंजाम डोंगरवाटांनी वर चढला. जनरल वुडहाउस यांच्या पायात शिरलेली गोळी हाताला लागत नव्हती. बीव्हरच्या प्लेटवर ती दिसली आणि सर्जननं ती काढली. पुढच्याच वर्षी सुदानच्या मोहिमेत बॅटरी भरायला सायकलला डायनॅमो जोडून पायडल मारायची पाळी आली. युद्धभूमीवरच्या एक्स-रेची पहिली अडचण विजेची होती, आणि आजही तंबूत जनरेटरची घरघर आधी सुरू होते, बाकीचं मागून.

पण गोळी ‘दिसली’ म्हणजे सापडली असं नाही. एक्स-रेचा फोटो ही सपाट सावली. मांडीतली गोळी कातड्यालगत आहे की हाडामागं, हे एका फोटोत कळत नाही. त्यावरचा तोडगा स्कॉटिश डॉक्टर जेम्स मॅकेन्झी डेव्हिडसन यानं १८९८ च्या सुमारास बसवला. तो इतका साधा आहे की आठवीतल्या मुलानं करून पाहावा. लोकलच्या खिडकीतून बघताना जवळचे खांब सपासप मागं जातात आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही, त्यातलंच हे गणित. रुग्ण हलवायचा नाही, प्लेटची जागा बदलायची नाही. ट्यूब तेवढी बाजूला सरकवून दुसरा फोटो घ्यायचा. समजा, ट्यूब प्लेटपासून ६० सेंटिमीटर वर आहे आणि ती ५ सेंटिमीटर सरकवली. गोळीची सावली १ सेंटिमीटर सरकली. समरूप त्रिकोण मांडले की ६० गुणिले १ भागिले ५ अधिक १, म्हणजे गोळी प्लेटपासून बरोबर १० सेंटिमीटर वर. डेव्हिडसन कागदावर आकडेमोड करत बसला नाही. ट्यूबच्या दोन्ही जागांपासून दोन्ही सावल्यांपर्यंत त्यानं रेशमी धागे ताणले. धागे जिथं एकमेकांना छेदतात, तिथं गोळी. आजचं सीटी स्कॅन याच धाग्यांची शेकडो कोनांतून केलेली आवृत्ती आहे. धागे तेवढे संगणक ताणतो.

आणि गोळी सापडली म्हणजे ती काढायचीच, असंही नाही. मुरलीकांत पेटकर यांचं नाव अलीकडे सिनेमामुळं घराघरांत पोचलं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरकडचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जबर जखमी झाला आणि मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या इस्पितळात दाखल झाला. एक गोळी मणक्यात राहिली ती राहिलीच. कमरेखालचा भाग गेला. उपचार म्हणून पोहायला लागलेल्या या माणसानं १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमी वेळेत पोहून सुवर्ण जिंकलं. पुढं नोकरी केली ती आपल्याच पट्ट्यात, टेल्कोत.

मणक्यातली गोळी बऱ्याचदा तिथंच ठेवतात, कारण ती काढताना उरलेल्या मज्जातंतूंना धक्का बसायचा धोका गोळीपेक्षा मोठा असू शकतो. ‘हात लावू नका’ हा निर्णयही फोटो पाहूनच होतो. ज्याच्या अंगात गोळी आहे त्याला एमआरआयच्या बोगद्यात सरळ सरकवताही येत नाही. १.५ टेस्लाचं चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या जवळपास तीस हजार पट. शिसं आणि तांबं बिचारी गप्प बसतात, पण गोळीच्या गाभ्यात पोलाद असेल तर ती हलू शकते. रणांगणाजवळच्या तंबूत एमआरआय नसतं ते काही फक्त किमतीमुळं आणि वजनामुळं नाही. जिथं तिथं बंदुका, हेल्मेटं आणि लोखंडी स्ट्रेचर, तिथं असलं चुंबक ठेवणार कोण?

म्हणून फील्ड हॉस्पिटलात प्रामुख्यानं दोनच यंत्रांवर भिस्त : सुटसुटीत डिजिटल एक्स-रे आणि सोनोग्राफी. आपल्या लष्करात जखमी रेजिमेंटल एड पोस्टपासून अ‍ॅडव्हान्स्ड ड्रेसिंग स्टेशन, तिथून फॉरवर्ड सर्जिकल सेंटर, असा टप्प्याटप्प्यानं मागं येत जातो. जसजसं मागं यावं तसतशी यंत्रं वाढतात. अफगाणिस्तानात ब्रिटिशांच्या कॅम्प बॅस्टियनमध्ये तर सीटी स्कॅनर होते. पण ती चैन झाली. खरी कमाल पुढच्या टप्प्यावरच्या त्या सुटकेसएवढ्या यंत्राची आहे.

त्याच्या ट्यूबमध्ये टंगस्टनवर इलेक्ट्रॉन आदळतात. त्या धडकेतली ९९ टक्के ऊर्जा नुसती उष्णता होऊन वाया जाते. उरलेल्या जेमतेम एका टक्क्याचे एक्स-किरण होतात. ते माणसातून आरपार जाऊन पाठीखाली सरकवलेल्या पाटीवर पडतात. पाटीत सीझियम आयोडाइडच्या सुयांसारख्या उभ्या स्फटिकांचं जंगल असतं. किरण पडला की सुई चमकते, आणि ती चमक आडवी न पसरता सुईतूनच सरळ खाली, सिलिकॉनच्या थरावर उतरते. म्हणून चित्र फिसकटत नाही. ना डार्करूम, ना रसायनं. काही सेकंदांत छाती पडद्यावर. तंबूला शिशाच्या भिंती नसतात, तिथं शिशाचं काम अंतर करतं. एक मीटरवरून दोन मीटरवर गेलं की किरणांचा मारा चौथाई, तीन मीटरवर नवमांश. ‘एक्स-रे’ अशी आरोळी देऊन माणसं चार पावलं मागं होतात, त्यामागं एवढं भूमितीचं संरक्षण असतं.

आता त्या पडद्यावरच्या छातीकडे जरा जवळून बघू. छातीत गोळी किंवा छर्रा गेला की फुप्फुसाला भोक पडून हवा फुप्फुस आणि बरगड्यांच्या मधल्या जागेत शिरते. उभ्या माणसात ती वर, खांद्याखाली जमते. फुप्फुसाची कड एका बारीक पांढऱ्या रेघेसारखी सुटी दिसते आणि रेघेपलीकडे नुसता काळोख. हे चित्र वैद्यकीच्या विद्यार्थ्यालाही ओळखता येतं. पण जखमी सैनिक उभा राहत नाही, तो उताणा असतो. मग हवा वर, म्हणजे त्याच्या पोटाच्या बाजूला, छातीच्या पुढच्या तळाशी जाते. ओळखीची रेघ दिसतच नाही. दिसतं ते एवढंच, की एका बाजूचा बरगडी आणि श्वासपटलामधला कोपरा नेहमीपेक्षा खोल आणि काळा झालाय. रक्ताचंही तसंच. उभ्या माणसात ते तळाशी साचून ठळक पातळी दाखवतं. उताण्यात पाठीमागं पसरतं आणि ती सबंध बाजू फक्त किंचित धुरकट करते. हृदयसुद्धा उताण्या फोटोत उगाच मोठं दिसतं, कारण किरण पुढून येतात, ट्यूब जवळ असते आणि हृदय पाटीपासून लांब.

म्हणजे तीच छाती, तीच जखम, पण माणूस कसा पडला होता यावर चित्राचा अर्थ फिरतो. शेकडो किलोमीटरवर बसलेल्या तज्ज्ञाला माणूस दिसत नाही, फक्त चित्र दिसतं. तो उताणा होता, किरण पुढून सोडले, छातीच्या डाव्या बाजूला जखम आहे, ही माहिती कुणीतरी लिहून पाठवली तरच त्याचं ज्ञान कामाला येतं. आणि लिहिणारा कोण, तर रेडिओग्राफर. उपग्रहाचं कौतुक होतं, यंत्राचं होतं. माझ्या मते दूरवरून चालणाऱ्या या सगळ्या रेडिऑलॉजीचा भार या एका माणसावर आहे. फोटो काढताना कडेला शिशाचं छोटं ‘एल’ किंवा ‘आर’ अक्षर ठेवायचं असतं. धावपळीत ते उलट्या बाजूला पडलं, तर दूरच्या तज्ज्ञानं अगदी अचूक वाचलेला रिपोर्टही सर्जनला धडधाकट फुप्फुसाकडे नेईल. लांबून फोटो पुन्हा वाचता येतो, पुन्हा काढता येत नाही.

सावलीचा प्रवास मात्र खरोखर थक्क करणारा. डिजिटल छातीचा एक फोटो म्हणजे साधारण तीन हजार गुणिले तीन हजार, नव्वद लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरले तर १८ मेगाबाइट. सेकंदाला एक मेगाबिट एवढाच माल नेणाऱ्या उपग्रहाच्या जोडणीवर त्याला अडीच मिनिटांच्या आसपास लागतात. ठीक आहे, चालून जातं. सीटीचं गणित वेगळं. एक काप ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा, म्हणजे अर्धा मेगाबाइट. डोक्यापासून मांडीपर्यंत सहाशे काप घेतले तर ३०० मेगाबाइट, आणि त्याच जोडणीवर चाळीस मिनिटं. तेवढ्यात पोटात रक्त साचत राहतं. म्हणून आकडे दाबून, पण एकही आकडा न गमावता फाइल लहान करतात.

मग प्रश्न येतो, एवढा खटाटोप कशाला? पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि पाठवा व्हॉट्सअ‍ॅपवर. आपल्याकडे गावोगावी हे रोज चालतं, आणि मोडलेल्या हाडापुरतं निभतंही. डोक्यातल्या रक्ताला मात्र ते चालत नाही. सीटीच्या मोजपट्टीवर हवा उणे १०००, पाणी शून्य, हाड हजाराच्या आसपास किंवा वर. मेंदू पस्तीसच्या आगेमागे आणि नुकतंच सांडलेलं रक्त साधारण साठ. चार हजार पायऱ्यांच्या या जिन्यावर जीव आणि मरण यांच्यात पंचवीस पायऱ्यांचं अंतर! साध्या फोटोत राखाडीच्या फक्त २५६ छटा असतात. सगळा जिना त्यात कोंबला तर एका छटेत सोळा पायऱ्या येतात आणि रक्त नि मेंदू जवळजवळ एकाच रंगाचे होतात. मूळ फाइल हातात असेल तर तज्ज्ञ माउस ओढून फक्त शून्य ते ऐंशी एवढाच पट्टा ताणून बघतो, आणि जे दिसत नव्हतं ते रक्त उजळून समोर येतं. त्याच फाइलीत दुसऱ्या पट्ट्यावर कवटीची चीर दिसते, तिसऱ्यावर फुप्फुस. मोबाइलच्या फोटोत पाठवणाऱ्यानं जो पट्टा लावला होता तेवढाच गोठलेला असतो. सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांच्या फाइली वाचता याव्यात म्हणून ‘डायकॉम’ नावाचं मानक १९९३ पासून रूढ झालं. रुग्णाचं नाव, बाजू, माणूस कसा पडला होता, हे सगळं चित्राच्या पोटातच बांधून पाठवायची सोय त्यात आहे. भरणाऱ्यानं ते भरायला मात्र हवं.

तारेवरून एक्स-रे पाठवायचा पहिला यशस्वी खटाटोप १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात झाला : वेस्ट चेस्टर ते फिलाडेल्फिया, टेलिफोनच्या तारेवरून, चाळीसेक किलोमीटर. नव्वदच्या दशकात बोस्नियातल्या अमेरिकी फौजांनी हे तंत्र रणभूमीजवळ आणलं. आपल्याकडे इस्रोनं २००१ पासून उपग्रहावर टेलिमेडिसिनचं जाळं विणलं, आणि सियाचिनसारखी लष्करी ठाणीही पुढं त्यात घेतली. बंगळुरूहून अमेरिकेतल्या इस्पितळांचे रात्रीचे स्कॅन वाचायचा व्यवसाय २००२ पासून चालतो. तिकडची रात्र म्हणजे आपला दिवस.

लष्कराच्या तंबूतल्या इस्पितळांत ६० पॅरा फील्ड हे नाव मानाचं. १९५० मध्ये कोरियाच्या युद्धात लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली गेलेल्या या तुकडीला प्योंगयांगमधून माघार घ्यायचा हुकूम झाला तेव्हा वाहनंच नव्हती. सामान टाकून जायचं यांच्या मनाला पटेना. त्यांनी एक बेवारशी वाफेचं इंजिन शोधलं, रांग लावून बादल्यांनी बॉयलर भरला आणि सगळं इस्पितळ आगगाडीत घालून नेलं. बॉयलर आणि वाफेवर पोट भरणाऱ्या आपल्या भागाला ही गोष्ट जास्तच आवडावी. हीच तुकडी फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर तुर्कस्तानात इस्केंदेरूनला गेली तेव्हा ९९ जणांबरोबर एक्स-रे यंत्र, व्हेंटिलेटर, ऑक्सिजन तयार करायचा प्लांट असं सगळं विमानातून गेलं. आता ‘भीष्म’ क्यूब आलेत : माणसानं हातानं उचलावीत अशी ७२ खोकी, दोनशे जखमींपुरता माल, त्यात छोटं एक्स-रे आणि सोनोग्राफीही. मे २०२४ मध्ये आग्र्याला ते विमानातून पॅराशूटनं टाकून पाहिले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चार क्यूब युक्रेनला दिले.

फोटो पोचेपर्यंत संगणकानंच वाचून टाकावा, हा पुढचा विचार. मुंबईची क्यूअर डॉट एआय आणि पुण्याची डीपटेक या कंपन्यांची सॉफ्टवेअर छातीचे एक्स-रे वाचतात. क्षयरोगाच्या तपासणीत त्यांचा उपयोग होतोय. मला यात आशा वाटते आणि धास्तीही. यंत्र जे फोटो पाहून शिकतं तसलेच फोटो ओळखतं. उभ्या, कपडे काढलेल्या, श्वास रोखून धरलेल्या माणसांच्या हजारो छात्या पाहिलेल्या यंत्रापुढं उताणा, चिखलानं माखलेला, अंगावर वायरी आणि खिशात चिलखताची पट्टी असलेला जवान आला तर काय, हे त्याला वेगळं शिकवावं लागतं.

त्या उताण्या छातीतली हवा खरं तर एक्स-रेपेक्षा सोनोग्राफी जास्त भरवशानं पकडते. आपल्या महाराष्ट्रात सोनोग्राफी म्हटलं की आधी ‘येथे लिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी आठवते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानंच केला, देशाचा १९९४ मध्ये आला, आणि आजही हातात मावणाऱ्या मशीनची नोंद काटेकोर ठेवावी लागते. तेच मशीन जखमीच्या पोटावर चार जागी ठेवतात : यकृत आणि मूत्रपिंड यांच्या मधली खाच, प्लीहेभोवती, ओटीपोटात, आणि हृदयाभोवती. यातल्या कुठल्याही जागी काळी पट्टी दिसली तर जखमीत ते बहुधा सांडलेलं रक्त. दोन-तीन मिनिटांचं काम.

पण इथं फोटो पाठवून भागत नाही. सोनोग्राफीत चित्र हाताच्या हालचालीतून तयार होतं. म्हणून दूरचा तज्ज्ञ चालू चित्र बघत हाताला सूचना देतो. २००४ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर डॉक्टर नसलेल्या अंतराळवीरांनी ह्यूस्टनहून येणाऱ्या सूचना ऐकत एकमेकांची सोनोग्राफी करून दाखवली, तीही वाचता येण्याजोगी. यात अडचण उशिराची : भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर. चित्र वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, आणि ‘थांबा’ हा शब्द परत यायला आणखी पाव सेकंद. अर्ध्या सेकंदात प्रोब ती काळी पट्टी ओलांडून पुढं गेलेला असतो. म्हणून हात मुंगीच्या पावलांनी चालवावा लागतो, आणि ‘उजवीकडे’ हा शब्द वापरायची चोरी, कारण उजवीकडे म्हणजे जखमीच्या की पडद्याच्या? ‘डोक्याकडे’, ‘पायाकडे’, ‘पाठीकडे झुकवा’ असं बोलावं लागतं. अंतराळवीरांना तर शरीरावरच्या जागा आधीच दाखवून दिलेली कार्डं दिली होती. जमिनीवरचा माणूस जागेचं नाव घ्यायचा आणि वरचा प्रोब तिथं टेकवायचा.